जीपचं हेड आणि हळदीचं बोट

हॅलो?… हां, बोल श्रेया… बसल्या का बायका जात्यापाशी? बसू दे. येतेच मी… अगं, सांवेर रोडचं गॅरेज काय लंकेत आहे का?

नाही, जीप अजून उघडीच आहे. इंजिनचं हेड टेबलावर आडवं पडलंय, मी आणि तुझे मुकुलकाका दोघं त्याच्यापुढे. व्हॉल्व बसवले, आता गळतात का ते बघतेय… अगं ऐक ना, वरून घासलेट ओतायचं आणि खालून बोट फिरवायचं. बोट कोरडं, तर व्हॉल्व नीट बसला. ओलं, तर उद्या चढावर जीपचा दम जाणार. एवढंच.

हो, हो… माहितीये, तुझ्या सासरचे गाडी पाठवतायत. पांढरी, एसीवाली. पाठवू देत ना यार! पण आपल्याकडची लेक मालोजीआजोबांच्या जीपमधूनच सासरी जाते… सून? सूनही त्यातूनच येते. आले ना मी!… हसू नकोस. हो, मारला धक्का. खान नदीच्या पुलावर, शालू खोचून, मुंडावळ्या कानामागे टाकून. आणि तुझे बाबा आत स्टेअरिंग धरून, "और जोर से, भानू!"… म्हणून तर मरमर घासतेय. तुला नाही लावणार धक्क्याला. वचन.

उशीर माझ्यामुळे? तुझ्या कांताआत्याला विचार! लाडवाच्या खोक्याच्या झाकणाला भोकं पाडून मी व्हॉल्व ओळीने खोचून घरी आणले होते. ज्याची जागा त्याला. पंगतीत कसं ज्याचं पान त्याला, तसं. तर आत्याबाईंना नेमकं तेच झाकण हवं झालं! सगळे व्हॉल्व उपसले, समयांबरोबर चिंचेने घासले आणि उंचीप्रमाणे मांडून ठेवले. वर मलाच म्हणतात, "भानू, तुझे चमचे फार काळे होते गं!"… रागावू कशी? असे चमकत होते! पण कोण कुठला, कळेना. सगळे नव्याने घासून बसवले.

थांब हं… पहिला कोरडा… हाही… अरे वा… कोरडा… कोरडा…

…

शेवटचा ओला आहे.

नको, नको, ती पांढरी गाडी नको! काढते, परत घासते. लेप लावायचा, दांडी दोन तळव्यांत धरायची आणि ताकातली रवी फिरवावी तशी… हो, लागेल थोडा वेळ. तुम्ही दळायला घ्या ना… माझ्यासाठी थांबल्यात? बरं, फोन जात्यापाशी धर. स्पीकर कर. मी इथून म्हणते, तुम्ही तिथे ओढा…

"हळद दळिते बाई, पिवळं झालं जातं
माझ्या श्रेयाचं गं आता, दूर जुळलं नातं…"

येतंय ऐकू?… म्हणा की गं सगळ्याजणी! कांतावन्सं, तुम्ही पण. तुमची सुटका नाही!…

"जीप निघाली गं दारी, हिला लागो ना गं दृष्ट
पुलावर धक्क्याचे गं, नको लेकीला या कष्ट…"

झालं. बसवला. ओततेय… भावजी, बॅटरी इकडे धरा… श्रेया, बोलू नकोस…

कोरडा!

कोरडा गं बाई, खडखडीत! आता येऊ दे ती पांढरी गाडी. मागून येईल, वऱ्हाड घेऊन…

श्रेया?… काय?… नीट बोल, जात्याच्या घरघरीत ऐकू येत नाही… म्हणजे सकाळपासून पांढरी गाडी, पांढरी गाडी चाललं होतं ते… मी हे सगळं टाकून घरी यावं म्हणून?… हो… हो गं… हळदीचं पहिलं बोट माझंच हवं…

वेडे, मग तसं सरळ म्हणायचं ना!

भावजी, हा घ्या पाना. हेड तुम्ही चढवा… नाही, मी चालले.

हात?… काळेच आहेत अजून. पाण्याने जात नाही हा वास, तुझ्या हळदीला घासलेट लागेल बघ… चालेल?… बरं. ठेव आता. स्कूटरला किक मारतेय.