चाचांचा न फाटणारा बॅनर

आजच्या या सोहळ्याचे अध्यक्ष, आपल्या मंडळाचे आधारवड अण्णासाहेब. ज्यांना निरोप द्यायला जीभ धजावत नाही ते सत्कारमूर्ती जमालुद्दीनचाचा. अल खर्जहून खास गाडी हाकत आलेले आणि मघापासून एक अक्षर न कळताही बरोबर जागी टाळ्या वाजवणारे पाहुणे क्रेगसाहेब. पहिल्या रांगेत बसलेल्या कुबराचाची. आणि भाड्याने घेतलेल्या या इस्तिराहाच्या, म्हणजे विश्रामगृहाच्या, हॉलमध्ये बिर्याणीचा वास येत असूनही धीराने बसून राहिलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा सलाम आणि नमस्कार.

मी अयान. चाचांच्या बॅनरच्या दुकानात कामाला आहे. भाषण करायला विद्वान माणूस शोधायला हवा होता. मी कॉलेज अर्ध्यावर सोडलेला. प्राचार्यांशी भांडलो आणि त्याच दुपारी दप्तर उचललं, एवढीच माझी पदवी. पण चाचा म्हणाले, "अयानच बोलेल." आणि चाचांचा शब्द आमच्या दुकानात कधी खाली पडत नाही. चाचांनी केलेला बॅनरही पडत नाही. आजची गोष्ट त्याचीच आहे.

रियाधचा वारा आपण सगळे जाणतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या उडवणारा वारा! पण या वाऱ्यात चाचांचा बॅनर फाटला असं कुणी म्हटलंय? कडेला दुहेरी शिवण, आतून दोरी, हात-हात अंतरावर पितळी कडी. "आपला बॅनर फाटत नाही," हे चाचांचं वाक्य दुकानाच्या पाटीवर नाही, पण गिऱ्हाइकाच्या तोंडी आहे.

अशा माणसाकडे क्रेगसाहेबांच्या क्लबचं काम आलं.

क्रेगसाहेब मूळचे ऑस्ट्रेलियाचे. खर्जच्या एका मोठ्या डेअरी फार्मवर गाईंचे डॉक्टर. तिथे त्यांच्या देशाच्या लोकांचा फुटबॉल क्लब आहे. फुटबॉल म्हणजे आपल्याला ठाऊक असलेला नव्हे हं. चेंडू नारळासारखा लांबट, मैदान अंड्यासारखं, दोन्ही टोकांना चार-चार खांब, आणि चेंडू हातात धरून पळणाऱ्याला वाटेल तिथे गाठून खाली पाडायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, भांडण लागलंय. मी बाह्या सरसावून उठलोसुद्धा. चाचांनी शर्टाला धरून खाली बसवलं.

तर या क्लबात एक रीत आहे. खेळाडूचा पन्नासावा, शंभरावा सामना आला की त्याच्या नावाचा मोठा बॅनर करतात, दोन उंच खांबांवर मैदानात ताणून धरतात आणि तिथूनच तो मानकरी आपला संघ घेऊन मैदानात येतो. क्रेगसाहेबांचा शंभरावा सामना होता. क्लबने निरोप पाठवला : कागदाचा बॅनर करा.

चाचांनी मला विचारलं, "कागदाचा? या वाऱ्यात? बिचाऱ्यांना कुणी चांगला माल दाखवलेला दिसत नाही." आणि त्या परदेशी माणसाचा मान आपल्या हातून कमी पडू नये म्हणून चाचांनी त्यांना सगळ्यात जाड फ्लेक्स दिला. तिहेरी शिवण. चारी बाजूंनी नायलॉनची दोरी. डिझाइन केलं नबीलाने, म्हणजे चाचांच्या मुलीने, जी आमच्या दुकानाचा कॉम्प्युटर सांभाळते. वर 'क्रेग' आणि खाली डोळे दिपवणारा '१००'. हळद लागलेल्या नवऱ्यामुलाच्या दारातही असा बॅनर लागला नसेल.

आता अध्यक्ष महाराज, मला सांगा, आपल्या गावात कुणाच्या नावाचा बॅनर फाटला तर काय होतं? दुकानं बंद होतात! पोलिसांची गाडी येते! नाव लिहिलेला बॅनर फाडण्यासाठीच करतात, पळत येऊन छातीने तो फोडायचा हाच खरा मान, हे आम्हा कोकणातल्या माणसांच्या स्वप्नात तरी येईल का? आणि त्यांना वाटलं, हे काय सांगायचं, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

शिट्टी वाजली. क्रेगसाहेब पुढे, मागे अख्खा संघ, सगळे जीव खाऊन पळत आले. आणि चाचांचा बॅनर फाटला नाही.

(हसा, हसा. क्रेगसाहेबही हसतायत. त्यांना 'क्रेग' आणि 'बॅनर' एवढंच कळलं, पण तेवढ्यात कथा आली.)

तेव्हा मात्र कुणी हसलं नव्हतं. खांब उपटून आले, अख्खा संघ फ्लेक्समध्ये चटईसारखा गुंडाळला गेला, आणि सगळ्यात खाली क्रेगसाहेब. खांदा निखळला. शंभरावा सामना खेळायचा राहिला, साहेब पुन्हा नव्व्याण्णववर.

क्लबचा कप्तान आमच्यावर ओरडत आला. आणि मी? बॅनर फाटला म्हणून भांडणारी गिऱ्हाइकं पाहिली होती. न फाटला म्हणून भांडणारं पहिलंच! माझं डोकं सटकलं. मराठी, हिंदी, इंग्रजी, जी सापडेल त्या भाषेत मी मैदानभर बोललो. जखमी माणूस बर्फ लावून बसलाय आणि मी कप्तानाला शिवणीची मजबुती समजावतोय.

परतीच्या गाडीत चाचांनी पहिलंच वाक्य टाकलं, "तो विषय खलास."

कुठला विषय? आता सांगायलाच हवं. त्याच आठवड्यात प्रिंटरची शाई बदलता बदलता मी चाचांना विचारलं होतं की मला नबीलाशी निकाह करायचा आहे. अशी गोष्ट आईवडिलांनी येऊन बोलायची असते, शाईने माखलेल्या हातांनी नव्हे, हे मला ठाऊक होतं. पण धीर धरेन तर तो मी कसला! चाचा "बघू" म्हणाले होते. त्या 'बघू'वर मी ढगात होतो. आणि आता खलास. म्हणाले, "ज्याला आपला आवाज आवरत नाही, त्याच्या घरात मी मुलगी कशी देऊ?"

जेवण जाईना. डोळ्यांत पाणी यायचं, ते मी शाईच्या वासावर ढकलायचो.

चाचांचा फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं दापोलीला परतणं, ठरत आलं होतं. पण ते म्हणाले, "माझ्या हातून एका माणसाचा मान हुकलाय. त्याचा शंभरावा होईपर्यंत मी जात नाही." स्वतः खर्जला जाऊन त्यांनी क्रेगसाहेबांची माफी मागितली. साहेब म्हणाले, "माझ्या खांद्याला गाईने याहून जोरात लाथ मारलीय. दुसरा बॅनर तुम्हीच करायचा."

मग सुरू झाली उलटी शिकवणी. जन्मभर मजबूत माल करणारा कारागीर फाटेल असा बॅनर करायला शिकू लागला. पातळ क्रेप कागदाच्या पट्ट्या, मागून चिकटपट्टी. वाऱ्याने फाटू नये, माणसाने फाटावा. चाचांचा हात आपोआप दुहेरी पट्टीकडे जायचा, नबीला ओरडायची, "अब्बा, नो! एकच!"

चाचणीसाठी एक छोटा बॅनर केला. त्यावर नाव कुणाचं लिहायचं? जित्याजागत्या माणसाचं नाव फाडायचं म्हणजे चाचांना अपशकुन वाटे. शेवटी त्यांनी ब्रश घेतला आणि स्वतःचंच नाव लिहिलं, 'जमालुद्दीन'. मला म्हणाले, "पळ." मी पळालो आणि कागदापाशी येऊन थांबलो. ज्यांनी मला इथे उभं केलं त्यांच्या नावातून कसा जाऊ? चाचा गरजले, "अरे पळ रे! मी इथे धडधाकट उभा आहे!" दुसऱ्यांदा पळालो. फर्रकन फाटला. चाचा फाटक्या कागदाकडे बघत राहिले आणि मग लहान मुलासारखे हसले.

गेल्या आठवड्यात तो सामना झाला. निघताना नबीलाने मला बाजूला घेतलं. "अयान, लिसन. तू पोल धर आणि शट अप. आज जर तोंड उघडलंस तर मी अब्बांना पुन्हा विचारणार नाही." पुन्हा! म्हणजे ती एकदा विचारून बसली होती, हे मला तेव्हा कळलं.

एक खांब चाचांकडे, दुसरा माझ्याकडे. वारा सुटलेला. कागद फडफडतोय, शंभरमधलं एक शून्य सुटू बघतंय, आणि आत संघाची फोटो काढायची हौस संपत नाहीये. तेवढ्यात तो कप्तान आला. कागदावर टिचकी मारून मला म्हणाला, "आज किती जणांना मारणार?" सगळे खो-खो हसले.

कानशिलं तापली. पण खांब सोडला तर बॅनर जाणार. समोर चाचा बघतायत. मी म्हटलं, "इन्शाअल्लाह, आज कुणालाच नाही, सर." बस्स. कप्तानाने माझ्याकडे पाहिलं, पाठीवर थाप मारली आणि माझ्या खांबाला स्वतःचा हात लावून उभा राहिला.

आणि आले क्रेगसाहेब! काय तो आवाज! शंभराचे तुकडे आभाळात, साहेब पलीकडे, दोन्ही खांदे जागच्या जागी. ते थांबले, मागे फिरले आणि आधी चाचांना मिठी मारायला आले. आमच्या चाचांचा बॅनर फाटला, आणि चाचा रडत होते. आनंदाने. मी खाली वाळूतच बसलो. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

परतताना रियाधचे दिवे दिसू लागले. तेव्हा चाचा म्हणाले, "शाबानात रजा टाक. दापोलीला ये. एकटा येऊ नकोस, आईबापांना घेऊन ये."

मी विचारलं, "कशाला?"

"आंबे उतरवायला! दुसरं कशाला?"

मंडळी, यंदा शाबानचा महिना ऐन थंडीत येतो, तेव्हा आंब्याला नुसता मोहोर असतो. हे ध्यानात यायला मला पुढचे दोन सिग्नल लागले. आणि मग मी... असो.

पण हे काय? कुबराचाची माझ्याकडे अशा का बघतायत? नबीलाने ओढणीत तोंड लपवलंय. आणि चाचा केव्हाचे रिकाम्या पेल्यातून पाणी पितायत. या अल्ला! चाचा, तुम्ही घरी सांगितलं नव्हतंत?

...

चाची काय म्हणाल्या ते मागच्यांना ऐकू आलं नसेल, मी सांगतो. त्या म्हणाल्या, "आण त्यांना. पण आधी तो माइक सोड!"

तर अण्णासाहेब, आपण वेळ दिलात. मंडळाने हा हॉल सजवला. क्रेगसाहेब एवढ्या लांबून आले. मी सगळ्यांचा ऋणी आहे. चाचा, तुमचा पुढचा प्रवास सुखाचा होवो, पायांना आराम मिळो. माझ्या बोलण्यात काही जास्त झालं असेल, कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर आपलंच पोर समजून पोटात घाला. आणि चाचींना जे आज असं भर सभेत कळलं, त्याची माफी मी दापोलीला, आईबापांसोबत, रीतीने येऊन मागेन.