अळीचं आतडं

नाही हो रामरावभाऊ, चिवडा नाही तो, बोंडअळ्याच हायेत — डब्याचं झाकण लावा, एखादी खाली पडली त पोरगी मलेच बोलन. आमच्याच वावरातल्या हायेत. यंदा साऱ्या आर्णी तालुक्यानं अळी मारली, न् आम्ही तिले हरभऱ्याची डाळ वाटून चारून राह्यलो. लोकं म्हणते, विमलबाईनं दुश्मन पोसला. हसा, हसा. पोरगी पाहाले आले न् अळी पाहून राह्यले तुम्ही.

पाळते कायले? — कॉलेजात मॅडमच्या हाताखाली शिकते न आमची अपेक्षा. अळीचं आतडं काढते, सुताएवढं. मिठाच्या पाण्यात ठेवलं तरी ते घडीभर आवळते न् सुटते, आवळते न् सुटते. कशानं? नसंतून एक औषध सुटते म्हणून. मले वाटे एवढंच. पन नाही — नस घाईनं लागोपाठ बोलली का त्याच्या सोबतीनं दुसरंही सुटते, प्रथिनाचा बारका तुकडा, पेप्टाइड म्हणते त्याले. एकटं सोडलं त काहीच करत नाही. पयल्यासंगं आलं का तेच आवळणं दुप्पट जोराचं. आता बैल पाहा — कासरा हलवला का तो चालते. सोबत तोंडानं च्याक च्याक केलं का चिखलातूनही गाडी ओढते. नुसतं च्याक करा, तो उभ्या जागी कान हलवते. समजलं? चौथी शिकली मी, मले समजलं.

मोजते मीच. ती थेंब टाकते, मी घड्याळ धरून किती वेळा आवळलं ते मोजते. आई मोजते तोच आकडा खरा, असं म्हणली ती — मॅडमसमोर.

पन लग्न झालं का सोडन ते सारं. सोडाच लागन न — कपाशीवाल्याच्या घरी अळी कोन पाळू देते? म्हणून त मी तिले बंगलोरचं पत्र दाखवलं नाही. पोस्टमननं वाचून सांगितलं — अळीच्याच संशोधनासाठी निवड झाली, पाच वर्सं तिकडंच राहाचं, उद्यापर्यंत हो म्हणून कळवा. तुमचं बाभुळगाव कसं, सकाळी एसटीत बसली का दुपारी मी तिच्या दारात. बंगलोरले कोनत्या मोटारीनं जाऊ मी? न् ती गेल्यावर इथं काय मोजू, भाऊ?

काय झालं? माह्या मांगं काय पाहून राह्यले?

अपेक्षा… कवाची उभी हायेस तू? — चहाचा ट्रे ठेव खाली. ज्वारीच्या कोठीत हाये पत्र, वरच्यावरच. जाय, काढ.

रामरावभाऊ, चहा घ्या न् निघा आता. आम्हाले बंगलोरले फोन लावाचा हाये.