फ्रीझरमधलं हरीण

अमेरिकेत, डकोटातल्या त्या खेड्यात चर्चच्या तळघरात मतदान होतं आणि रांग काही केल्या पुढे सरकत नव्हती. रांगेतल्या शेरिलच्या पुढे दोन म्हाताऱ्या गप्पा मारत उभ्या होत्या, ओपल आणि डार्लीन.

"ओपल, मतपत्रिकेवर या वेळी एक प्रश्नही आहे, गुन्ह्याची झळ बसलेल्यांना हक्क द्यायचे म्हणे. तू 'हो' म्हणणार की 'नाही'?"

"डोळे मिटून हो! माझ्या गॅरेजातल्या फ्रीझरमधलं अख्खं हरणाचं मटण पळवलं मेल्यानं."

"गॅरेजला कुलूप लावायचं ना मग."

"कुलूप? शेजारीपाजारी काय म्हणतील! पण तो चोर तुरुंगातून सुटला, हे मला आधी कळवायला नको?"

"अगं, दीरच तो तुझा. सुटला आणि थेट तुझ्याकडेच जेवायला आला."

"आला ना! आधी कळलं असतं तर केक तरी केला असता. नुसतं सूप वाढावं लागलं बिचाऱ्याला."

"आणखी एक हक्क आहे. चोराला तुझ्या आसपास फिरकायची बंदी."

"आसपास म्हणजे?"

"म्हणजे घरी, दारी, गाडीत, कुठेच नाही."

रांग दोन पावलं सरकली, तरी ओपल जागची हलली नाही.

"मग या बर्फातून मला घरी कोण नेणार गं? बाहेर गाडी तापवत बसलाय ना तो!"