रिकामी ओळ

पेनसिल्व्हेनियातल्या एका चर्चच्या तळघरात, पक्षांचे आपापले उमेदवार निवडायच्या मतदानाला रांग लागली होती. वेल्डाच्या पुढची म्हातारी मतपत्रिका देणाऱ्या पोराच्या टेबलाशीच अडली.

“अरे, या कागदावर आत्ताच्या शेरीफचं नावच नाही!”

“तो दुसऱ्या पक्षाचा, लोरीनकाकू. तुमची नोंद या पक्षात आहे.”

“ती नवऱ्यानं केलेली. बदल की आता.”

“मुदत पंधरा दिवसांपूर्वीच संपली.”

“मग नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत पाडते मेल्याला.”

“नोव्हेंबरात त्याच्यासमोर कोण उभं राहतंय, काकू?”

“माझा लेक टॉबी त्याच्या कोठडीत मेला रे!”

“ठाऊक आहे. हे बघा, शेरीफ या पदाच्या खाली रिकामी ओळ आहे. तिथं हवं ते नाव लिहा.”

“कुणाचंही?”

“कुणाचंही. फक्त माणूस जिवंत हवा. नियमच आहे तसा.”

“मग हे घे तुझं पेन.”