सातासातांची लिफ्ट

नको, चहा नको, उत्तराकाकू — बसते, पण चहा नको, माझ्यासाठी गॅस पेटवू नका. आज लवकर कशी? एक पेशंट आला नाही म्हणून डॉक्टरांनी सोडलं — म्हणजे सोडलं नाही, डोकं दुखतंय सांगून मीच निघाले. आणि डोकंही दुखत नाहीये. तुमच्याकडे यायचं होतं, न सांगता. श्रुतिका कुठाय? झोपलीय? दुपारची? काकू, नऊ वर्षांची झाली ती, पाळण्यात होती तेव्हासुद्धा दुपारची झोपली नाही कधी, मीच पेंगायची आणि ही टकमक बघत बसायची — आणि आज तुमच्या आतल्या खोलीत दार लावून झोपलीय? बरं. झोपू दे. उठवत नाही मी. उठवायला कुठे आलेय? विचारायला आलेय.

हिला पाढे कोण शिकवतंय?

हसू नका ना, काकू, मी सिरियसली विचारतेय. तुम्हाला ठाऊक आहे, दिवाळीपर्यंत काय वाट लागली होती आमच्या घरी. बे, तीन, चार कसेबसे, आणि सहाचा आला की डोळ्यांत पाणी. शाळेतल्या टीचर बोलवून म्हणाल्या, पाठांतर कमी पडतंय, घरी करून घ्या. घेतलं की करून! स्वयंपाक करता करता घेतलं, वेणी घालता घालता घेतलं — सात एके सात, सात दुणे चौदा — मधेच विचारलं सात सक? की परत पहिल्यापासून सुरू. वेणी जरा जोरात ओढली गेली असेल माझ्या हातून एकदोनदा, पण मुद्दाम नाही. आणि आता बघा! परवा न्हाणीघरातून आवाज येतोय — सात, टिंग! चौदा, टिंग! एकवीस, टिंग! अठ्ठावीस! — मी बाहेर टॉवेल घेऊन उभी, मला कळेना आत आहे कोण. सत्तरपर्यंत गेली ना ती! आणि मग उलटी आली खाली, त्रेसष्ट, छप्पन्न, एकोणपन्नास, मला नाही येत तसं. बाहेर आल्यावर विचारलं, हे टिंग काय गं? तर म्हणते, आई, ही सातासातांची लिफ्ट आहे, ती मधल्या मजल्यांवर थांबतच नाही, एकदम सातव्यावर, मग चौदाव्यावर, दार उघडलं की टिंग. आणि अडकलं तर घाबरायचं नाही, आठवतो त्या मजल्यावर उभं राहायचं आणि तिथून सात चढायचे. कोणी शिकवलं म्हटलं — तर म्हणते, उत्तराआजीनं.

तुम्ही.

काकू, राग मानू नका, पण तुम्ही? भाजी आणायलासुद्धा जिन्यानं जाता तुम्ही, गुडघे धरून धरून. इतकी वर्षं या बिल्डिंगमध्ये राहताय, मी तुम्हाला त्या लिफ्टमध्ये पाऊल टाकताना पाहिलेलं नाही — आणि तुम्ही पोरीला लिफ्टमधून सत्तराव्या मजल्यावर नेता? बरं, ते सोडा. काल मी चपला घालत होते, तर मागून हाक मारते, "आई गो, थांब." गो! आमच्याकडे गो कोण म्हणतं? माझं माहेर ठाण्याचं, तुम्ही दादरच्या, तुमच्या तोंडी गो येईल? गो म्हणणारं एकच घर मला माहितीये, आणि ते भांडुपला आहे, माझ्या सासूबाईंचं. आणि लिफ्टशिवाय दुसरं काही डोक्यात नसलेला माणूसही मला एकच माहितीये.

येतो ना हर्षद इथे? मी कामावर गेले की?

नाही म्हणून मान हलवू नका नुसती. वॉचमनला विचारलंय मी. तो म्हणाला, गणपतीनंतर साहेबांना बघितलं नाही. पण वॉचमनचं काय, हर्षदनं लिफ्ट दुरुस्त करताना त्याला दोनदा चहा पाजला की तो हर्षदचा झाला. सगळे हर्षदचेच होतात. तुम्हीही. तुम्हाला वाटतं मी उगाच घालवलं त्याला घराबाहेर — वाटतं, मला दिसतं तुमच्या चेहऱ्यावर. अहो, पोरगी शाळेच्या गेटवर उभी होती! एकटी! सगळी मुलं गेली, टीचर गेल्या, अंधार पडायला लागला, शेवटी शिपाईमामांनी मला फोन केला, मी घाटकोपरहून रिक्षानं येईपर्यंत माझं काय झालं असेल? आणि हा कुठे? तर कुठल्यातरी टॉवरमध्ये लिफ्ट बंद पडली म्हणे आणि आत एक म्हाताऱ्या बाई अडकल्या म्हणे. बरोबर आहे, काढायलाच हवं त्यांना. मी कुठे नाही म्हणते? त्यांना दमा होता, आत काळोख, त्या रडत होत्या, आणि हा वरून दाराच्या फटीतून त्यांच्याशी बोलत बसला होता, धीर सुटू नये म्हणून. एक फोन करायचा ना पण! तर रेंज नव्हती. आता नसतेच तिथे रेंज, ते मलाही माहीत आहे, लग्न झाल्यापासून ऐकतेय. आणि त्यांना सोडून बाहेर येता आलं नसतं, हेही... त्या बाईंचा मुलगा आला होता नंतर पेढे घेऊन. मी दारातूनच परत पाठवला.

हे का सांगतेय मी तुम्हाला? हे नव्हतं सांगायचं.

मुद्दा काय, मी म्हटलं होतं चार दिवस आईकडे जा, मला तुझं तोंड बघायचं नाही. चार दिवस. मग त्याचे फोन येत राहिले, मी घेतले नाहीत, मग नंबरच ब्लॉक केला, आणि मग — मग कसं बोलवायचं कुणाला? तुम्हीच सांगा. आधी कोण बोलणार? पोरीला सांगितलं बाबा नाशिकला कामावर गेलेत. म्हटलं, येईलच की हा, येऊन दार वाजवेल. नाही वाजवलं. ब्लॉक फक्त फोनला होतो, दाराला होतो का?

थांबा. तो आवाज कसला? नाही नाही, खालचा नाही, आतला आहे. ती बोलतेय. झोपेत बोलते म्हणता? झोपेत हसतेसुद्धा? काकू, तुमचा मोबाइल कुठाय? रोज इथे टीपॉयवर चष्म्याशेजारी असतो. चार्जिंगला? आत? — हं. म्हणजे येत नाही तो. फोन करतो. तुमच्या फोनवर. रोज? रोज चारपासून मी येईपर्यंत? आणि तुम्ही दार लावून देता, आणि माझ्यासमोर बसून मला चहा विचारता! मी पोरगी तुमच्या भरवशावर टाकून जाते हो, आणि तुम्ही — सोडा हात. मी जाते आत. बोलतेच त्याच्याशी, पाढे शिकवतोय, मोठा आला — सोडा ना हात काकू, काय सांगायचंय ते नंतर सांगा —

काय म्हणालात?

तो भांडुपला आहे हे तिला माहीत आहे? कधीपासून? तुम्ही सांगितलंत? मग त्यानं? त्यानंही नाही? पहिल्याच फोनला तिनंच विचारलं — भांडुपच्या आजीच्या देवाची घंटा ऐकू येतेय म्हणून? आणि मग? नाही, सांगा, काय म्हणाली ते सांगा. "आईला कळू देऊ नका, तिला वाटतं मला माहीत नाही"?

पण ती तर मला रोज विचारते, काकू. रोज रात्री अंथरुणात. नाशिकला थंडी आहे का गं आई? बाबा जेवतात कुठे? आणि मी आपली सांगत बसते, कंपनीनं खोली दिलीय, खिडकीतून द्राक्षाचा मळा दिसतो. मागच्या आठवड्यात स्टेशनबाहेरून द्राक्षं आणली आणि सांगितलं बाबांनी पाठवली. तिनं खाल्ली. बसून एकेक खाल्लं, आणि दोन माझ्या तोंडात घातली, म्हणाली, गोड आहेत ना गं नाशिकची? माहीत असून? माहीत असून, काकू?

नको, पाणी नको. काही नको मला.

हसतेय बघा. माझ्यासमोर नाही हसली अशी कितीतरी दिवसांत. कितवा चाललाय तिचा, आठचा का?

नाही, उठवू नका. आत नाही जात मी. माझी पर्स द्या ती. मी आले होते हे तिला सांगायचं नाही — त्यालाही नाही. खाली बागेत बसते जरा आणि सहाला येते, नेहमीसारखी. आधी बेल वाजवीन, आणि लगेच दार उघडू नका, काकू. त्यांना फोन ठेवायला वेळ द्या.