भट्टीची पूजा

वर्ष कोणतं, ते मला नक्की आठवत नाही. पण तो आवाज मात्र आठवतो. तुमसरला माझ्या साडूच्या राईस मिलमध्ये बॉयलरच्या भट्टीला आतून नव्या फायरब्रिक, म्हणजे आगीला टिकणाऱ्या विटा, लावत होते. मिस्त्री आत असला की भट्टीच्या दाराशी त्याच्या चपला असायच्या, हीच तिथली खूण. त्या दिवशी काम संपलं असं समजून भट्टी पेटवायच्या पूजेसाठी सगळ्यांनीच तिथे चपला काढल्या. साडूने पेटता कापूर भट्टीच्या तोंडाशी रचलेल्या तुसाकडे नेला, तोच आतून आवाज आला,

"थांबा जी सेठ! दोन इटा रायल्या ना! घाई काहून करून राहिले?"

कापूर ताटातच विझला. साडू कसाबसा म्हणाला, "अरे, तुझ्या चपला?"

"तुमच्याच चपलांखाली असतील!"

कित्येक वर्षांनी मी स्वतः पाहिलं. पूजेआधी साडू भट्टीत डोकं घालून दोनदा ओरडतो, "कोणी आहे का रे?"