घाटाची हाक

अरे, आम्ही मुंबईत कोबोल या कॉम्प्युटरच्या भाषेला मॅक्रो जोडले होते ना, एक शब्द लिहिला की मशीन ठरलेल्या ओळी आपोआप घालणार, ते मी पोलादपूरच्या स्टँडवर हॉटेलवाल्या बंडूकाकांना ऐटीत सांगत होतो. समोर गरम वडा.

"आमच्यात पन हाय ते," म्हणत काका आत ओरडले, "घाट!"

आचारी आला, माझा वडा उचलला आणि लिंबू, आवळासुपारी, ओकायची पिशवी ठेवून गेला.

"काका, मी घाट चढून महाबळेश्वरला नाही, मुंबईला चाललोय!"

"आता हाक गेली. तुजं मशीन इचारतं काय?"

नाही विचारत. तेवढ्यात एसटी लागली. उपाशीच चढलो. पण हातातली पिशवी बघून शेजारचा उठून मागे गेला, आणि मुंबईपर्यंत अख्खं बाकडं माझं!